कोणी नाही, आइलिफ

ये टिरिल, आत ये. दार खांद्यानं रेट, थंडीत ते अडकतं. बूट तिथेच काढ. मी काही उठत नाही, राग मानू नकोस. या वयात बर्फावर घसरून पाय मोडून घेतलाय, आणि वर जो येतो तो मलाच विचारतो, योरून, तळाला खिळे असलेले बूट का नाही घातलेस? घातले असते तर पडले असते का मी! कॉफी शेगडीवर आहे, तूच ओतून घे.

दारातून पाऊल आत टाकता टाकता तू मला एक प्रश्न विचारलास. ऐकलाय मी. टाळत नाहीये, उत्तर देणार आहे. पण आधी बस. त्या शेगडीजवळच्या खुर्चीवर नको... म्हणजे आज ती रिकामीच आहे, बसलीस तरी काही होणार नाही. पण नकोच. इकडे दिव्यापाशी ये.

बाहेर बघ जरा. भरदुपार आहे आणि समोरचा डोंगर नुसता काळा. हा अंधार मला कधी सोसला नाही. नोव्हेंबरात सूर्य गेला की थेट जानेवारीअखेर उगवतो, आणि तोवर माझे हातपाय स्वस्थ राहत नाहीत. भांडी घासलेली परत घासते, दाराची कडी परत परत बघते. आता तर तेही बंद, बसून नुसती बोटं मोडते. असो. उद्या सूर्य येणार. सगळा गाव उतारावर जमणार, जॅमचे बन खाणार, पोरं ओरडणार. मी तिथे चढून येऊ शकत नाही. म्हणून तुला फोन केला. काम एवढुसं आहे: उद्या सूर्य वर येईल तेव्हा तू आइलिफच्या शेजारी उभी राहा. त्यानं तुझ्याकडे पाहिलं, की मान हलवायची. नाही म्हणून. बस.

हसू नकोस. वरच्या उपचारघरात तू माझ्या जागेवर कामाला आलीस, आता काही महिने काढलेस, तुला आइलिफ माहीत आहे. दर आठवड्याला वर येतो, आपल्या स्वयंपाक्याला, स्टाइनारला मासे साफ करून देतो, कोणाशी फार बोलत नाही. तुला तो असा माहीत आहे. मला तो कसा आला ते माहीत आहे.

आपल्याकडे येतात ती माणसं दोन्हीकडून हाकललेली असतात. डोक्याच्या दवाखान्यात गेला की ते म्हणणार, आधी दारू सोड, मग ये. दारू सोडवायच्या ठिकाणी गेला की ते म्हणणार, हा भिंतीशी बोलतो, आधी याचं डोकं ठिकाणावर आणा. अरे, चेंडू आहे का तो? आइलिफला तर वर्षानुवर्षं असा टोलवला. तो प्यायचा कशाला, तर दिसणारी माणसं दिसेनाशी व्हावीत म्हणून. आणि दारू उतरली की तीच माणसं दुपटीनं यायची. आता यात आधी काय सोडवशील? दोन्ही एकदम धरायला लागतं. मी आयुष्यभर तेच केलं, आणि अर्ध्यांना वाचवू शकले नाही. आइलिफला मात्र मी जाऊ देणार नव्हते. का ते विचारू नकोस, काही माणसं अशी मनात बसतात.

शिकवताना आपल्याला सांगतात ना, त्याला दिसतंय ते खोटं आहे म्हणून भांडू नका, खरं आहे म्हणूनही सांगू नका. 'मला दिसत नाही, पण तुला दिसतंय हे मला पटतं,' असं म्हणा. ठीक आहे. पण दुकानात उभ्या असलेल्या माणसाला याचा काय उपयोग? समोरचा आहे की नाही, याला पैसे द्यायचे की नाही, हे त्याला तिथल्या तिथे कळायला हवं. मग आइलिफनंच रीत काढली. कोणी अनोळखी समोर आलं की तो आधी माझ्याकडे बघायचा. मी मान डोलावली तर माणूस खरा. 'नाही' म्हणून हलवली तर तिथे कोणी नाही, सोडून द्यायचं. एकदा नवीन पाद्री भेटायला आला, हात पुढे करून उभा राहिला, आणि मला नेमकी शिंकांवर शिंका. आइलिफ ढिम्म! पाद्रीबुवा हात पुढे धरून उभे, आइलिफ त्यांच्या आरपार बघतोय, स्टाइनार मागे पोट धरून हसतोय. शेवटी मी मान डोलावली तेव्हा आइलिफ म्हणाला, "माफ करा, तुम्ही आहात हे आत्ता कळलं."

हसतेस, पण त्याच मानेवर तो माणूस उभा राहिला. कोण खरं ते कळायला लागल्यावर प्यायचं कारणच उरलं नाही. उन्हाळ्यापासून थेंब नाही. गोळ्या वेळेवर. गावात त्याला खोली द्यायचं ठरलं, सूर्य आला की लगेच. पडदे कुठल्या रंगाचे घ्यायचे यावर आमची भांडणं व्हायची.

तर त्या जानेवारीत, याला आता कितीतरी वर्षं झाली, स्टाइनारनं आम्हाला खाली धक्क्यावर पाठवलं. गुनवोर तिच्या होडीतून ताजा कॉड आणणार होती. अशीच दुपार, असाच काळोख, डोंगरामागे थोडा निळा उजेड. आम्ही बादली घेऊन उतरलो. गुनवोर होडीत वाकून मासे काढत होती. आणि धक्क्याच्या टोकाला, उलट्या खोक्यावर, एक माणूस बसला होता.

साधा माणूस. मेणकापडाचा कोट, दाढी, वय चाळिशीचं. हातांत घातलेले लोकरीचे मोठे हातमोजे, चिंब ओले, टपटप गळत होते. मी आपली म्हटलं, गुनवोरनं मदतीला कोणी घेतलाय. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "थंडी आहे आज." मी म्हटलं, "नसायला काय झालं?" एवढंच. आइलिफनं माझ्याकडे पाहिलं. आणि मी मान डोलावली.

का नाही डोलावणार? तो माणूस माझ्या हातातल्या बादलीइतका खरा होता! ओल्या लोकरीचा वास येत होता त्याला, आणि डांबराचा. आइलिफ मात्र जागच्या जागी थिजला. त्यानं परत माझ्याकडे पाहिलं. मी परत मान डोलावली, जरा चिडूनच... अरे, माणूस थांबलाय, हात मिळव की. मग तो सावकाश पुढे गेला आणि त्यानं त्या माणसाचा हात धरला. किती वेळ धरला म्हणून सांगू. तेव्हा मला तो मोजा नीट दिसला. त्याला दोन अंगठे होते, एक या कडेला, एक त्या कडेला. पूर्वी कोळ्यांच्या घरी असे विणायचे. वल्ही मारून तळवा झिजला की मोजा फिरवून घालायचा, म्हणजे दुसरा अंगठा कामी येतो. आता असे कोणी विणत नाही.

परत चढताना आइलिफ रडत होता. मी घाबरले. काय झालं रे?

"तो आहे," म्हणाला. "योरून, तो खरंच आहे."

"कोण?"

"सिवर्ट. माझा भाऊ. आईनं विणलेले मोजे आहेत ना हातात. इतकी वर्षं मला चल चल म्हणतोय. तुम्ही सगळे म्हणायचात तो नाही, म्हणून मी गेलो नाही. बिचारा वाट बघत बसला..."

 सिवर्टबद्दल मला माहीत होतं, आइलिफच्या कागदांत होतं. सूर्याच्या दिवशी दोघं भाऊ समुद्रावर जाणार होते, आइलिफ पिऊन शेडमध्ये पडला होता, सिवर्ट एकटा गेला. बुडाला असं आपल्याकडे म्हणत नाहीत, समुद्रात राहिला म्हणतात. पण मोज्यांचं कागदात काही नव्हतं.

मी बादली त्याच्या हातात दिली आणि घसरत परत खाली पळाले. खोकं होतं. त्यावर कोणी नव्हतं. "गुनवोर, तुझ्याबरोबरचा तो माणूस कुठे गेला?"

तिनं कंबर सरळ केली. "कुठला माणूस? मी एकटीच येते, तुला माहीत नाही का?" मग माझ्याकडे बघत राहिली. "बरी आहेस ना ग?"

त्या दिवसापासून आइलिफ बदलला. कसा? आनंदी झाला! शीळ घालायचा. आपला रेडिओ स्टाइनारला देऊन टाकला. चांगलं स्वेटर दुसऱ्या कोणाला दिलं. खोलीच्या पडद्यांचं नाव काढलं तर म्हणायचा, "कशाला उगाच." बैठकीत सगळे खूष, किती सुधारणा! टिरिल, तुला सांगायला नको. असा माणूस अचानक शांत होऊन वस्तू वाटायला लागला, की त्यानं जायचं ठरवलंय हे आपण ओळखतो. मी त्याला सरळ विचारलं, कधी? तो सरळ म्हणाला, "सूर्य दिसेल त्या दिवशी. तो न्यायला येतो म्हणालाय."

मी डॉक्टर विबेकेकडे गेले. तिनं रात्रीची निगराणी वाढवली, गोळ्या वाढवल्या, सगळं केलं. पण मी म्हणाले, ते पुरणार नाही, कारण तो माणूस मीही पाहिलाय. तिनं पेन खाली ठेवलं. "योरून, झोप कशी आहे तुझी?" अगदी हळू आवाजात. जो आवाज मी आयुष्यभर दुसऱ्यांसाठी वापरला तोच! "घरी कोणी असतं का? एखादा ग्लास वाइन होतो का संध्याकाळी?" मी इतकी चिडले की बाहेर येऊन स्टाइनारच्या स्वयंपाकघरात एक बशी फोडली. तो म्हणाला, "अजून फोड, जुन्याच आहेत."

सूर्याचा दिवस उजाडला. उजाडला म्हणजे काय, तुला माहीतच आहे. सगळे उतारावर. हवा स्वच्छ, आणि मी मनात म्हणत होते, ढग येऊ देत, ढग येऊ देत. मी आइलिफला खेटून उभी होते. एका हातात बन, दुसऱ्या हातानं त्याची बाही धरलेली. मागे दोघं जण लक्ष ठेवून. पण बाही धरून माणूस किती दिवस राहतो? आज नाही तर उद्या. खरी बाही दुसरीच, ती म्हणजे माझी मान.

डोंगराच्या फटीत केशरी कड दिसली. सगळे ओरडले, सगळ्यांची तोंडं तिकडे. आणि मला खालून पायवाटेनं तो वर येताना दिसला. घाई नाही, काही नाही. बर्फावर पावलांचा करकर आवाज येत होता, इतक्या गोंगाटात मला तेवढाच ऐकू आला. डांबराचा वास आधी आला, मग तो. आमच्यासमोर थांबला आणि त्यानं आइलिफपुढे हात केला. मोज्यातून पाणी टपकत होतं.

आइलिफनं माझ्याकडे पाहिलं.

त्याचा हात अर्धा वर उचललेला होता. तोंडावर काय आनंद होता ग. मला तो माणूस इतका स्पष्ट दिसत होता, त्याच्या पापण्यांवरचं मीठसुद्धा... आणि मी मान हलवली. नाही.

"कोणी नाही, आइलिफ."

"पण त्या दिवशी तू..."

"त्या दिवशी मी चुकले. मला बरं नव्हतं. दिसू नये ते दिसलं. विचार विबेकेला, तिनं मला सुट्टी घ्यायला सांगितलंय."

"नक्की?" लहान पोरासारखा विचारत होता. "नक्की ना, योरून?"

"नक्की. तिथे बर्फ आहे, बस. बन खा."

त्यानं हात खाली घेतला. मग जो रडला! सगळ्यांना वाटलं सूर्य बघून रडतोय, दोघातिघांनी त्याला मिठी मारली. परत ती वेळ आली तरी मी तेच सांगेन, त्याबद्दल मला काडीचं वाईट वाटत नाही. पण त्या गलक्यात त्या माणसानं तोंड वळवलं आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. मग त्यानं हातातला मोजा काढला, फिरवला, दुसऱ्या अंगठ्यात अंगठा घातला... आणि तोच हात माझ्यापुढे केला.

मी डोळे मिटले. उघडले तेव्हा सूर्य परत डोंगराआड गेला होता आणि तोही.

आइलिफ वाचला. त्याला खोली मिळाली, पडदे हिरवे. तेव्हापासून त्याला कोणीच दिसत नाही. मला दिसतं. दर नोव्हेंबरात सूर्य गेला की तो येतो, त्या शेगडीजवळच्या खुर्चीवर बसतो, पाय लांब करून. मोज्यांचं पाणी शेगडीवर पडतं आणि चर्र वाजतं. बोलत नाही फारसं. सूर्याच्या दिवशी उतारावर माझ्यापुढे हात करतो. आणि खोटं कशाला बोलू, टिरिल, दर वर्षी माझा हात थोडा उचलला जातो. का ते मला कळत नाही. त्या वेळी मी आइलिफकडे बघते. तो मान हलवतो, नाही. आणि माझा हात खाली येतो. त्यानं कधी विचारलं नाही की तू माझ्याकडे असं का बघतेस. त्याला विचारायची गरज काय, रीत त्याचीच.

आणि त्याला खरंच दिसत नसे, हे मला पक्कं ठाऊक होतं. कसं? इथे आला की तो आपला जाडा कोट काढून त्याच खुर्चीवर फेकायचा. सरळ त्याच्या मांडीवर! मला हसू यायचं आणि बरं वाटायचं. तेवढ्यापुरती ती नुसती खुर्ची व्हायची.

आज मघाशी आइलिफ आला. मासे घेऊन आला होता, माझ्यासाठी कलेजी वेगळी बांधून. म्हणाला, "उद्या तू नाहीस वर, मला चुकल्याचुकल्यासारखं होईल." मी म्हटलं, "गोळ्या?" म्हणाला, "घेतो." "आणि दुसरं काही?" "नाही ग बाई, वास घे हवं तर." खरंच नव्हता वास. मग तो कोट काढून खुर्चीकडे वळला... आणि थांबला. कोट हातातच. मग दाराकडे परत गेला आणि खुंटीला अडकवला.

मी त्याच्याकडे पाहिलं. नेहमीसारखं, न बोलता.

त्यानं मान हलवली. "कोणी नाही, योरून," म्हणाला. माझाच आवाज, माझीच पद्धत. हसलासुद्धा. आणि कॉफी घ्यायला शेगडीकडे जाताना त्यानं पाय उचलला आणि कोणाचे तरी लांब केलेले पाय ओलांडावेत तसा ओलांडून गेला.

माझ्यासाठी खोटं बोलला ग तो. त्याला वाटलं, मला वाचवतोय. मी काही म्हणायच्या आत त्या खुर्चीवरच्यानं मोजा काढला, फिरवला आणि परत घातला. आइलिफ कॉफी पिऊन निघाला, तसा तोही उठला. दोघं एका मागोमाग एक दारातून गेले. मी ओरडले, आइलिफ! तो म्हणाला, "अग येतो उद्या, सूर्य बघून झाला की." आणि गेला. तेव्हापासून खुर्ची रिकामी आहे. मला त्याचा मागमूससुद्धा दिसत नाही, खिडकीतून बघितलं तर वाटेवर आइलिफ एकटाच.

म्हणून फोन केला तुला. मला वाटलं, तुला कुठलं काय दिसणार. तू नवी, दक्षिणेकडून आलेली, डोकं ठिकाणावर. आइलिफ तुझ्याकडे बघेल, तू नाही म्हणशील, आणि ते खरं असेल. खोटं 'नाही' म्हणणाऱ्याच्या मागे तो लागतो, पण खरं 'नाही' असलं की तो कोणाच्याच मागे येत नाही, इतक्या वर्षांत एवढं मला कळलंय. ज्याला तो दिसत नाही असं फक्त एक माणूस हवं होतं मला. गावात एवढी माणसं, पण आइलिफ मान बघतो ती आपल्यासारख्यांचीच. विबेके बदली होऊन गेली, स्टाइनारवर तो विश्वास ठेवत नाही, म्हणतो तो थट्टा करतो. उरलीस तू.

कप खाली ठेव, सांडतोय.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. दारातून आत येताना तू बूट झटकलेस आणि म्हणालीस, "वाटेत आइलिफ भेटला. त्याच्याबरोबर तो कोण होता, ओल्या मोज्यांचा? चांगला वाटला. थंडी आहे म्हणाला."